मळ्यांवरील गुलामांचा संसार



अमेरिकेच्या दक्षिणेस न्यू ऑर्लीन्स म्हणून एक मोठें बंदर आहे. गुलामगिरी उठल्यानंतर तेथें मेथॉडिस्ट मंडळीचें एक साप्ताहिक निघूं लागलें; त्याचें नांव ‘साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट’. दास्यांतून सुटलेल्या आफ्रिकी वंशाच्या ख्रिस्ती लोकांच्या मंडळ्यांतून तें वाचलें जाई. १८७९ च्या नोव्हेंबर महिन्यांत त्या पत्रानें एक सदर सुरू केलें. आपल्या भाषेंत त्याचें नांव ‘हरवलेलीं जिवलग माणसें’ असें होईल. वर्गणीदारांचीं पत्रें त्यांत फुकट छापीत. इतरांस पन्नास सेंट पडत. सदराच्या माथ्यावर पाळकांस विनंति असे कीं, हीं पत्रें उपदेशपीठावरून वाचून दाखवावीं, आणि त्यांमुळें कोणाची भेट झाली तर आम्हांस कळवावें.

पत्रें सर्व एकाच घाटाचीं असत. माझ्या आईचें नांव अमुक. आमच्या मालकाचें नांव अमुक. तो मेल्यावर वांटणी झाली, तेव्हां मी अमुक वर्षांचा होतों. मला टेक्ससकडे नेलें, धाकट्या बहिणीस कोणी घेतलें तें ठाऊक नाहीं. कोणास ठावठिकाणा लागल्यास कळवावें. एक गोष्ट आम्हांस वाचतांना खटकली ती अशी कीं, आपल्या आईला शोधावयाचें तर तिच्या मालकाचें नांव सांगितल्यावांचून गत्यंतर नसे. तिला ओळखण्याची दुसरी खूणच कायद्यानें ठेविली नव्हती.

आपल्याकडे जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक लिहिलें, आणि अमेरिकेंतील गुलामांस मुक्त करणाऱ्या भल्या लोकांस तें अर्पण केलें, हें पुष्कळांस माहीत असतें. परंतु ते गुलाम राहात कसे, त्यांचे नवरेबायकोचे संबंध कसे होते, त्यांचीं मुलें कोणाच्या मांडीवर वाढलीं, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. म्हणून या पाठांत तेवढाच विषय आम्हीं घेतला आहे. ज्या उपदेशक बंधूंजवळ जगाचा नकाशा असेल त्यांनीं तो जवळ ठेवावा.

व्हर्जिनिया ही इंग्रजांची अमेरिकेंतील जुनी वसाहत. १६१९ च्या ऑगस्टांत तेथील पॉइंट कम्फर्ट नांवाच्या भूशिराशीं एक जहाज लागलें, आणि वीसांहून थोडीं अधिक आफ्रिकी माणसें अन्नसामग्रीच्या मोबदल्यांत देण्यांत आलीं. पुढें १६२५ च्या मोजदादींत एका कप्तानाच्या घरच्या माणसांत अँथनी, इझाबेला आणि त्यांचें मूल विल्यम अशीं तिघें आढळतात. मुलाच्या नांवापुढें त्याचा बाप्तिस्मा झाल्याचें लिहिलें आहे. बाप, आई, लेकरूं, बाप्तिस्मा. आपल्या मंडळीच्या दप्तरांत असते तशीच ही एक ओळ आहे. त्या वसाहतीचा इतिहास या ओळीवरून सरळ पुढें गेला असता तर आज हा पाठ लिहावा लागला नसता.

तसें झालें नाहीं. इंग्रजांच्या रीतीप्रमाणें मूल बापाचें. परंतु १६६२ सालीं व्हर्जिनियाच्या कायदेमंडळानें ठरविलें कीं, मूल बंधांत कीं मुक्त हें त्याच्या आईच्या स्थितीवरून समजावें. म्हणजे दासीच्या पोटीं मालकापासून मूल झालें, तरी तें मालकाचाच गुलाम. बापानें आपल्या लेकराला विकलें तरी कायद्यास त्यांत कांहीं वावगें दिसेना. पांच वर्षांनीं, १६६७ सालीं, दुसरा कायदा झाला: बाप्तिस्मा घेतल्यानें कोणाचें दास्य सुटत नाहीं. ख्रिस्ती बंधूला दास्यांत कसें ठेवावें, हा प्रश्न तेव्हां कित्येकांच्या मनास टोंचत असे. तो कांटा कायद्यानें काढून टाकिला. त्या कायद्यांत असेंही सुचविलें होतें कीं, आतां मालकांनीं निर्धास्तपणें सुवार्ताप्रसार होऊं द्यावा. मिशनच्या कामाची वाट अशा रीतीनें मोकळी करून दिली गेली, हें आम्हां पाळकांनीं लक्षांत ठेविलेलें बरें.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून एकंदर सव्वा कोटीच्या सुमारास माणसें जहाजांत चढविलीं गेलीं. त्यांपैकीं सुमारें वीस लक्ष वाटेंतच मेलीं. उरलेलीं बहुतेक ब्राझील व वेस्ट इंडिज बेटें यांकडे गेलीं. उत्तर अमेरिकेंत थेट आणिलेलीं चार लक्षांच्या आंतच भरतात. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणणें तेथें कायद्यानें बंद झालें. असें असून १८६० च्या खानेसुमारींत गुलामांची संख्या जवळ जवळ चाळीस लक्ष निघाली. हीं माणसें कोठून आलीं? घराघरांतून आलीं. ज्या आईबापांचें लग्न कायदा मानीत नव्हता, त्यांच्याच पोटच्या लेकरांनीं मालकांची दौलत वाढली. आपल्याकडे गोठ्यांतली गाय व्याली म्हणजे मालक जसें वासरूं आपलें म्हणतो, तसेंच मृत्युपत्रांतून लिहिलेलें असे: ही दासी, आणि तिला पुढें होईल ती संततिही, माझ्या मुलीस.

मळ्यांवरचें राहणें सर्वत्र सारखें नव्हतें. व्हर्जिनिया व मेरीलंड येथें तंबाखू. दक्षिण कॅरोलायना व जॉर्जिया यांच्या दलदलीच्या किनाऱ्यावर भात. आणि १७९३ सालीं सरकी वेगळी करण्याचें नवें यंत्र निघाल्यावर आलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना या प्रांतांत कापूसच कापूस. कापसाच्या मळ्यांत मुकादमाच्या देखरेखीखालीं टोळीनें पहांटेपासून अंधार पडेपर्यंत राबावें लागे. भाताच्या मुलुखांत रोजचें काम नेमून दिलेलें असे. तें उरकलें म्हणजे उरला वेळ आपला. त्या वेळांत लोक परसांत भाजी लावीत, कोंबड्या पाळीत, मासे धरीत. भाताची बांधबंदिस्ती व पाण्याची राखण यांचें ज्ञान कित्येकांनीं पश्चिम आफ्रिकेंतून बरोबर आणिलें होतें. ज्यांनीं भाताचीं खाचरें घातलीं आहेत त्यांस निराळें सांगावयास नको कीं, असलें काम नुसत्या चाबकानें होत नसतें.

घर म्हणजे लांकडी ओंडक्यांची एक खोली, बहुधा मातीची जमीन, एका बाजूस चूल. शिधा मोजून मिळे. फ्रेडरिक डग्लस या नांवाचा जो थोर पुरुष मेरीलंडच्या एका मळ्यावर दास्यांत जन्मला व १८३८ सालीं पळून मुक्त झाला, त्यानें लिहिलें आहे कीं, मोठ्या माणसास महिन्याला आठ रत्तल डुकराचें मांस किंवा तितकेच मासे, आणि सुमारें पन्नास रत्तल मक्याचें पीठ मिळे. शेतांत न जाणाऱ्या लहान मुलांस वर्षाला जाड्याभरड्या कापडाचे दोन सदरे. ते फाटले तर पुढच्या वांटपापर्यंत उघडेंच. मुलांचें जेवण लांकडी डोणींत ओतीत, आणि शिंपल्यांनीं किंवा नुसत्या हातांनीं तीं खात. बाळंतीण थोड्याच आठवड्यांनीं शेतांत परत जाई. तान्हीं मुलें थकलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या हवालीं. पांच वर्षांच्या आंत निम्म्याच्या सुमारास मुलें दगावत.

डग्लसच्या आईचें नांव हॅरिएट बेली. मूल तान्हें असतांनाच तिला बारा मैलांवर दुसऱ्याच्या शेतावर कामास दिलें. मुलाला आजीनें वाढविलें. ती आई दिवसभर शेतांत राबून रात्रीं बारा मैल चालत येई, मुलाला कुशींत घेऊन निजवी, आणि तें जागें होण्यापूर्वींच निघून गेलेली असे. कारण सूर्योदयाला शेतावर हजर नसलें तर फटके बसत. त्यानें आईला आयुष्यांत चारपांच वेळांच पाहिलें, तेंही रात्रींचें. तो सातेक वर्षांचा असतांना ती वारली. दुखण्यांत तिच्याजवळ जाऊं दिलें नाहीं, मातीलाही नाहीं. डग्लस लिहितो कीं, ती गेल्याची बातमी त्याला परक्या माणसाच्या मरणासारखीच वाटली. हें वाचून कोणी म्हणेल, दास्यांत मायाच उरत नाहीं. आम्ही त्याला एवढेंच विचारूं कीं, मग चोवीस मैलांची ती रात्रींची चाल कशाची?

आतां लग्नाविषयीं. कायद्यानें गुलाम कोणताही करार करूं शकत नसे, आणि लग्न हा करार. म्हणून गुलामांचें लग्न कायद्यापुढें नव्हतेंच. तरीही लोक लग्न करीत. कोठें मळ्यावरील वडील माणसांसमोर, कोठें मालकाच्या ओसरीवर, कोठें जमिनीवर झाडू ठेवून दोघांनीं हात धरून तो ओलांडावा. (आपल्याकडे केरसुणीला पाय लागूं नये म्हणून जपतात, देशोदेशींच्या रीति निराळ्या.) नवरा पुष्कळदां दुसऱ्या मळ्यावरचा असे. शनिवारीं रात्रीं मालकाची चिठ्ठी घेऊन त्यानें बायकोकडे यावें आणि सोमवारीं पहांटे परतावें. चिठ्ठीवांचून वाटेंत सांपडला तर गस्तवाले पाठ फोडून काढीत.

कित्येक लग्नें गोऱ्या पाळकांनींही लावलीं. परंतु मरणानें वियोग होईपर्यंत, हे शब्द ते तसेच उच्चारूं शकत नसत. मालकानें उद्यां नवऱ्याला विकलें तर पाळकाचें वचन खोटें पडावयाचें. म्हणून मरणाबरोबर दूर देशीं जाण्याचाही अपवाद त्या वचनांत घालीत, किंवा तें वाक्य गाळून टाकीत. मत्तयाच्या १९ व्या अध्यायांतील ६ वें वचन आपण लग्नाच्या वेळीं वाचतों. तें वाचावयाचें, आणि त्याच मंडपांत बसलेल्या मालकाला तोडण्याची मुभा ठेवावयाची, असा हा विधि होता. इफिसकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायांतील दासांसंबंधीं जें वचन आहे, तें मळ्यांवर पुन्हां पुन्हां ऐकवीत; चार ओळी पुढें त्याच अध्यायांत धन्यांसंबंधीं जें आहे, त्यावर उपदेश क्वचितच होई.

नवरा दूर गेला, परत येण्याची आशा नाहीं, तर बायकोनें पुन्हां लग्न करावें काय, हा प्रश्न आमच्या उपदेशक बंधूंपुढें कधीं ना कधीं येतोच. तेथील मंडळ्यांपुढें तो नेहमीं येई. १८३५ सालीं सवाना नदीच्या प्रदेशांतील बाप्टिस्ट मंडळ्यांच्या संघानें त्याचें उत्तर दिलें. त्याचा आशय असा: विक्रीमुळें झालेला असा वियोग हा व्यवहारतः मरणच समजावा, देवाच्या दृष्टीनेंही तो तसाच असेल, आणि त्यांस दुसरें लग्न करूं द्यावें, नाहीं तर मालकाची आज्ञा पाळल्याबद्दल मंडळीची शिक्षा त्यांजवर येईल. आम्ही सेमिनरींत मंडळीचा इतिहास शिकलों, परंतु हा ठराव तेथें कोणीं सांगितला नाहीं. पुढें तो वाचनांत आला तेव्हां आम्हीं पुस्तक मिटून ठेविलें. त्या बंधूंचा हेतु दयेचा होता, असें आम्ही मानूं. त्यांनीं विक्रीला मरण म्हटलें, हें खरेंच होतें. पण मारणारा कोण, हें त्यांनीं विचारिलें नाहीं, कारण मारणारे त्यांच्याच बांकांवर बसत होते.

आणि दूरच्याच मंडळ्यांकडे बोट दाखवून आपणांस सुटतां येत नाहीं. ज्या अमेरिकन बोर्डानें १८१३ सालीं मुंबईस आपले मिशनरी उतरविले, ज्याच्या श्रमाचें फळ आपल्या कित्येक मंडळ्या आहेत, त्याच बोर्डाच्या चेरोकी व चॉक्टॉ या अमेरिकेंतील मूळच्या लोकांमधील मंडळ्यांत गुलाम बाळगणारे सभासद होते. त्यांस बाहेर ठेवावें असा आग्रह झाला. १८४५ च्या सभेंत बोर्डानें तो मानिला नाहीं. ज्यांस हें रुचलें नाहीं त्यांनीं १८४६ सालीं अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही निराळी संस्था काढिली. तिचें नांव या पाठांत पुढें पुन्हां येईल.

ज्यांस कायद्यानें नातें दिलें नाहीं, त्यांनीं तें नांवांत जपलें. हर्बर्ट गटमन या इतिहासकारानें १९७६ सालीं आपल्या ग्रंथांत मळ्यांच्या जन्मनोंदी ताडून दाखविलें कीं, मुलाला बापाचें नांव वारंवार ठेवीत. आजोबांचें, चुलत्याचें, मेलेल्या भावंडाचेंही ठेवीत. मुलीला आईचें नांव मात्र क्वचित. याचें कारण उघड आहे. मूल आईजवळ राहण्याचा संभव अधिक. बाप केव्हां नेला जाईल याचा नेम नाहीं, तेव्हां निदान नांव तरी घरांत राहावें. आणखी एक: मालकांच्या घराण्यांत चुलत-आते-मामे भावंडांचीं लग्नें सर्रास होत, पण गुलाम लोक तीं टाळीत. आपल्याकडे मामाची मुलगी हक्काची मानणाऱ्यांस हें नवल वाटेल. परंतु नातें कोठवर पोंचतें हें ज्यांस पक्कें ठाऊक असतें, तेच असा नियम पाळूं शकतात. मालकाच्या वहींत मात्र आईखेरीज कोणाची नोंद बहुधा नसे, आणि १८५० व १८६० च्या खानेसुमारींत गुलामांचीं नांवेंच नाहींत. मालकाच्या नांवाखालीं नुसतें वय, लिंग व वर्ण.

१७९० पासून १८६० पर्यंत सुमारें दहा लक्ष माणसें जुन्या तंबाखूच्या प्रांतांतून कापसाच्या प्रांतांकडे नेलीं गेलीं. कांहीं मालकांबरोबर गेलीं, बहुतेक दलालांच्या साखळीला बांधून. १८५९ च्या मार्चांत सवाना शहराजवळ घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर पियर्स बटलर नांवाच्या कर्जबाजारी मालकाचीं चारशें एकोणतीस माणसें दोन दिवसांत विकलीं गेलीं. दोन्ही दिवस पाऊस कोसळत होता. नवराबायको व लहान मुलें यांची ताटातूट होणार नाहीं, असें जाहीर केलें होतें. परंतु जेफ्री नांवाच्या तरुणाचें डॉर्कस नांवाच्या मुलीशीं लग्न व्हावयाचें होतें. तो विकला गेल्यावर आपल्या नव्या धन्याच्या पायां पडला कीं, तिलाही घ्या. ती आपल्या घरच्यांबरोबर चौघांच्या गटांत विकली जात होती. चौघें घेणें धन्यास परवडेना. न्यूयॉर्कच्या एका बातमीदारानें हें लिहून ठेविलें, म्हणून तीं दोन नांवें आज आपणांस कळतात.

आतां एका घराण्याची हकिकत जरा विस्तारानें सांगतों, कारण वर जें सुटें सुटें सांगितलें तें सर्व तींत एकत्र आहे. मेरीलंडांत लेव्हिन आणि सिडनी असें एक जोडपें होतें. लेव्हिननें स्वतःची किंमत भरून मुक्ति मिळविली व तो उत्तरेस न्यू जर्सींत गेला. सिडनी चार मुलांना घेऊन पळाली; पण पकडून आणिली गेली. ती पुन्हां पळाली. या खेपेस चौघांना नेणें अशक्य होतें. तिनें दोघी मुलींना घेतलें, आणि झोंपलेल्या दोघां मुलांचें, लेव्हिन व पीटर यांचें, चुंबन घेऊन ती निघाली. नवऱ्याजवळ ती पोंचली, आणि सांपडूं नये म्हणून तिनें आपलें नांव बदलून चॅरिटी असें घेतलें. मागें राहिलेल्या मुलांना मालकानें केंटकीकडे विकलें. तेथून पुढें तीं आलाबामांत गेलीं. पीटर तेव्हां सहा वर्षांचा होता.

लेव्हिन आलाबामांतच मेला. पीटरचें व्हायना नांवाच्या दासीशीं लग्न झालें. ती निराळ्या मळ्यावर, हा निराळ्या ठिकाणीं, तीच शनिवारची वाट. त्यांनीं एका मुलाचें नांव पीटर ठेविलें, दुसऱ्याचें लेव्हिन. भाऊ मेला, बापाचा पत्ता नाहीं, पण नांव आलाबामाच्या झोंपडींत हांक मारण्यास राहिलें. पुढें जोसेफ फ्रीडमन या यहूदी दुकानदारानें पीटरला विकत घेतलें, आणि पीटरनें पैपैनें जमविलेले पांचशें डॉलर घेऊन त्यास मुक्त केलें. १८५० च्या ऑगस्टांत पीटर, वय पन्नासाच्या सुमारास, फिलाडेल्फियांतील गुलामगिरीविरुद्धच्या मंडळाच्या कचेरींत आला. टेबलाशीं एक तरुण कारकून बसला होता. आपल्या आईबापांचा शोध करावयाचा आहे, असें पीटरनें सांगितलें, आणि लेव्हिन व सिडनी हीं नांवें उच्चारलीं. सिडनी हें नांव त्या घराबाहेर कोणास ठाऊक नव्हतें. तो कारकून विल्यम स्टिल. त्या जोडप्याच्या अठरा मुलांतील शेंडेफळ. जन्मापासून ज्याला पाहिलें नव्हतें त्या सख्ख्या भावाची हकिकत तो उतरून घेत होता. आई जिवंत होती. पीटर तिला जाऊन भेटला. बाप मात्र वारला होता.

बायकामुलें अजून आलाबामांतच. सेथ कॉन्क्लिन नांवाचा एक गोरा माणूस आपण होऊन त्यांना आणावयास गेला. १८५१ सालीं तो त्यांना घेऊन इंडियानापर्यंत पोंचला, पण तेथें सगळे पकडले गेले; कुटुंब परत दास्यांत, आणि कॉन्क्लिनचें प्रेत हातांत बेड्या असलेलें नदींत सांपडलें. व्हायनाच्या मालकानें चौघांची किंमत पांच हजार डॉलर सांगितली. पीटर गांवोगांव, देवळोदेवळीं फिरून आपली कथा सांगूं लागला, आणि १८५४ अखेर त्यानें ती रक्कम भरून व्हायना व तिघां मुलांना सोडविलें. स्वतःच्या बायकोची किंमत भरावी लागावी, आणि ती चर्चांच्या थाळींतून जमावी! ज्यांनीं तेथें नाणें टाकिलें त्यांचा आम्ही आदरच करतों.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. त्या मे महिन्यांत तिघे गुलाम रात्रीं होडींतून पळून मन्रो किल्ल्यांत उत्तरेच्या सैन्याच्या आश्रयास आले, आणि सेनापतीनें त्यांस परत देण्याचें नाकारलें. मागोमाग शेंकडों कुटुंबें आलीं. हा किल्ला त्याच पॉइंट कम्फर्टवर आहे, जेथें १६१९ सालीं तें जहाज लागलें होतें. अमेरिकन मिशनरी असोसिएशननें सप्टेंबरांत लुइस लॉकवुड यांस तेथें पाठविलें. त्यांनीं शाळेची व उपासनेची व्यवस्था लाविली. आणि लोक त्यांच्याकडे लग्न लावून घेण्यास येऊं लागले. तीं नवीं जोडपीं नव्हतीं. वर्षानुवर्षें संसार केलेले, नातवंडें झालेले नवराबायको रांगेंत उभे राहात. त्यांस कागद पाहिजे होता. मिसिसिपींत १८६४ पासून सैन्याच्या पाद्र्यांनीं लग्नाचें जें दप्तर ठेविलें, त्यांत पूर्वीचें लग्न किती वर्षें टिकलें आणि कशानें तुटलें, याचेंही रकाने होते. ‘मरणानें’ असें कित्येकांपुढें आहे, आणि कित्येकांपुढें ‘विक्रीनें’. सवाना नदीच्या संघानें जे दोन शब्द एक करून टाकिले होते, ते येथें लोकांनीं पुन्हां वेगळे लिहविले.

१८६५ च्या डिसेंबरांत घटनेची तेरावी दुरुस्ती मंजूर होऊन दास्य संपलें. १८७० च्या खानेसुमारींत या लोकांचीं नांवें, आडनांवांसह, प्रथमच लिहिलीं गेलीं. आणि न्यू ऑर्लीन्सच्या त्या साप्ताहिकांतील सदर विसाव्या शतकाच्या आरंभींही चालू होतें. तोंवर पत्र लिहिणारे स्वतः साठीसत्तरीचे झाले होते. पाळक उपदेशपीठावरून वाचीत असत, आणि खालीं बसलेलीं म्हातारीं माणसें कान देऊन ऐकत असत, त्या यादींत आपल्या जुन्या मालकाचें नांव येतें काय म्हणून.